सोमवारचा कॅन

लॅबमधल्या मुलानं पाच लिटरचा पांढरा कॅन माझ्या हातात दिला आणि आवाज एकदम खाली आणला. "मॅडम, सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची. त्यानंतरची चोवीस तासांची सगळी यात साठवायची. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली धरून." कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या त्या लॅबमध्ये साखर, थायरॉईड, कावीळ, सगळे रिपोर्ट नावं पुकारून दिले जात होते. कुजबुज फक्त या एका शब्दासाठी. मी तो कॅन भाजीच्या कापडी पिशवीत घातला, वर कोथिंबिरीची जुडी ठेवली आणि रिक्षानं घरी आले.

मी सत्तेचाळीस वर्षांची. चोवीस वर्षं विज्ञान शिकवतेय. नववीच्या वर्गात मूत्रपिंडाची आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल त्याची गणती नाही. स्वतःच्या शरीरातून दिवसाला किती लघवी जाते, हे मात्र मी पहिल्यांदाच मोजणार होते.

कॅनपर्यंत यायला कारण घडलं नवरात्रात. सातवी माळ होती. पहाटे साडेतीनला डाव्या बरगडीखालून कळ उठली ती थेट जांघेत उतरली. उठून बसले, तरी थांबेना. आडवी झाले, तरी थांबेना. दोन बाळंतपणं झालेली बाई मी, दुखणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. पण बाळंतपणात पुढच्या कळेआधी श्वास घ्यायला तरी मिळतो. इथं मी भिंतीला डोकं टेकून घरभर नुसती फिरत होते. सासूबाई देवघरातून धावत आल्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "अगं, हा मुतखडा हाय. तुझ्या मामंजींना असंच झालतं."

दवाखान्यात डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दिलं आणि पाऊण तासात मी माणसात आले. इतक्या साध्या इंजेक्शननं इतका फरक कसा पडला, हा प्रश्न मनात राहिला म्हणून नंतर वाचत गेले. कतारमधल्या दोहा इथल्या डॉक्टरांनी खड्याच्या कळा घेऊन आलेल्या १,६४५ रुग्णांवर हेच तपासलं होतं. एका गटाला डायक्लोफिनॅक, दुसऱ्याला मॉर्फिन, तिसऱ्याला पॅरासिटामॉल. २०१६ मध्ये निष्कर्ष आला. मॉर्फिनसारख्या जबरदस्त औषधापेक्षा हे साधं इंजेक्शन सरस ठरलं. खड्यामुळं मूत्रनलिका आवळते, किडनीवर दाब चढतो, त्या मुळाशीच ते काम करतं. ज्यांची किडनी आधीच अशक्त आहे त्यांना मात्र ते जपून द्यावं लागतं, म्हणून कपाटातल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नयेत.

सोनोग्राफीत खडा दिसला. ६ मिलिमीटर. डाव्या मूत्रनलिकेच्या खालच्या टोकाला अडकलेला.

पुढच्या दोन दिवसांत आमच्या पेठेतल्या प्रत्येक घराकडं माझ्या खड्यावर एकेक उपाय होता. शेजारच्या काकी पानफुटीची पानं घेऊन आल्या. सासूबाईंनी हुलग्याचं माडगं रटरट शिजवलं. "हुलग्यानं खडा इरघळतोय बघ." दीर म्हणाले, वहिनी, डोळे मिटून दोन बिअर घ्या, सुटेल. त्या सगळ्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. माडगं मी आवडीनं प्याले, ऑक्टोबरच्या उन्हात अंगात काही तरी पातळ जात होतं हेही बरंच. पण कॅल्शियम ऑक्झलेटचा, म्हणजे बहुतेकांना होणारा खडा पोटातल्या कुठल्याही काढ्यानं विरघळत नाही. औषधानं विरघळवता येतो तो युरिक ॲसिडचा, आणि तो दहातला एखादाच. बिअरनं घटकाभर लघवी वाढते, पुढं शरीर कोरडं पडतं आणि युरिक ॲसिड वाढतं ते वेगळंच.

डॉक्टरांनी टॅमसुलोसिनची गोळी लिहून दिली आणि थांबायला सांगितलं. या गोळीची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मूत्रनलिका सैल पडते आणि खडा लवकर निसटतो, अशा समजुतीनं जगभर ती वर्षानुवर्षं दिली गेली. मग ब्रिटनमध्ये अकराशेहून जास्त रुग्णांवर चाचणी झाली. २०१५ मध्ये निकाल आला की गोळी घेणारे आणि खोटी गोळी घेणारे, दोन्हीकडच्या साधारण ८० टक्के लोकांना महिन्याभरात पुढच्या कुठल्याच उपचाराची गरज पडली नाही. म्हणजे बहुतेकांचं काम शरीरच करत होतं आणि श्रेय गोळीला जात होतं. ५ मिलिमीटरहून मोठ्या खड्यांना ती थोडीफार मदत करते, असं पुढं अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं. माझा सहाचा होता, म्हणून मला ती मिळाली. डॉक्टरांनी एवढं सगळं समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण बाहेर चाळीस माणसं बसली होती.

लघवी गाळायला चहाची जुनी गाळणी वेगळी काढून ठेवली होती. सतराव्या दिवशी तिच्या जाळीवर टक्क आवाज झाला.

मी तो खडा धुऊन पांढऱ्या कागदावर ठेवला. तुरीच्या डाळीएवढा. काळपट तपकिरी, वर तुतीच्या फळासारखे बारीक बारीक उंचवटे. शाळेतलं भिंग आणून बघत बसले. एवढ्याशा वस्तूनं मला भिंतीला डोकं टेकायला लावलं होतं. सुश्रुतसंहितेत अश्मरी म्हणून याचं वर्णन आहे, शस्त्रानं मूत्राशयातला खडा काढायची कृतीही आहे. तिथून माणूस पोचला तो ७ फेब्रुवारी १९८० ला म्युनिकमध्ये. त्या दिवशी कुठंही न कापता, बाहेरून आघातलहरी सोडून एका रुग्णाच्या किडनीतला खडा फोडला गेला. आता दुर्बीण आणि लेझरनं तो आत जाऊन भुकटी करता येतो. फोडायची विद्या एवढी पुढं गेली. पण एकदा खडा झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना दहा वर्षांत पुन्हा होतो, आणि तो होऊ नये म्हणून काय करायचं ते फार साधं आहे. ते साधं असूनही आपल्या हातून का होत नाही, हे मला त्या कॅननं दाखवलं.

दिवाळी झाल्यावर डॉक्टरांनी चोवीस तासांची तपासणी सांगितली. सोयीचा म्हणून मी रविवार निवडला. घरी होते, बाथरूम शेजारी, तांब्या हाताशी. कॅन भरला १,६५० मिलिलिटर. रिपोर्ट बघून डॉक्टर थांबले.

"हा कॅन कुठल्या वारचा?"

"रविवारचा. सुट्टी होती."

"खडा रविवारी झालेला नाही मॅडम. मला सोमवार द्या."

सोमवार.

सोमवारी मी सकाळी साडेआठला घराबाहेर पडते. चहा एक कप, पाणी अर्धा पेला, तोही बेतानं. रंकाळा स्टँडवरून गगनबावडा रोडची एसटी. गावात उतरून वीस मिनिटं चालत शाळा. शाळेत मुलींचं आणि शिक्षिकांचं मिळून एकच स्वच्छतागृह. दोन दारं, एका दाराला तीन वर्षांपासून कडी नाही. दुसरं आतून पाणी तुंबल्यामुळं बंद. म्हणून आम्ही पाच शिक्षिका काय करतो? पाणी पीत नाही. हे कुणी ठरवून दिलेलं नाही. नोकरीला लागल्यावर पहिल्या आठवड्यात हे आपोआप अंगवळणी पडलं. मला तर त्याआधीच. लहानपणी जोतिबाला निघालो की आई गाडीत चढण्याआधी सांगायची, "पाणी पिऊ नको गं, मग जायला लागतंय."

त्या सोमवारी लघवी साठवायला एक लिटरची स्टीलची बाटली काळ्या पिशवीत गुंडाळून शाळेत नेली. मधल्या सुट्टीत मराठीच्या बाईंना दाराशी उभं केलं. त्यांना कारण सांगताना माझाही आवाज खाली गेला, तो मलाच ऐकू आला. दिवसभरात शाळेत जाणं झालं ते तेवढं एकदाच. एरवी तेही होत नाही. मंगळवारी सकाळी कॅन लॅबमध्ये दिला. ७८० मिलिलिटर.

खडा झालेल्या माणसाला डॉक्टर सांगतात, दिवसाला निदान अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. पाणी किती पिता हा प्रश्न चुकीचाच आहे, कारण त्याचं उत्तर सगळे "भरपूर" असंच देतात. मीही तेच दिलं होतं. घामानं जे गेलं ते गेलं. खड्याशी संबंध आहे तो बाहेर किती पडलं याच्याशी. थोड्या पाण्यात तेवढेच क्षार राहिले की स्फटिक धरतात. गुऱ्हाळात काहिलीतला रस आटत आटत गूळ धरतो, हे कोल्हापूरच्या पोरालासुद्धा सांगावं लागत नाही.

इटलीतल्या पार्मा शहरात डॉक्टरांनी पहिल्यांदाच खडा झालेले १९९ रुग्ण घेतले. अर्ध्यांना सांगितलं, रोज दोन लिटर लघवी होईल एवढं पाणी प्या. उरलेल्यांना काहीच बदल सांगितला नाही. पाच वर्षं वाट बघितली. पाणी पिणाऱ्यांत १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात २७ टक्क्यांना. हे १९९६ मध्ये छापून आलं. उलट ज्या औषधावर दीर्घकाळ भिस्त होती त्या हायड्रोक्लोरोथायझाइडची गोष्ट बघा. ही रक्तदाबाची गोळी, खडा परत होऊ नये म्हणूनही देत आले. स्वित्झर्लंडमध्ये ४१६ रुग्णांवर तिची नीट परीक्षा झाली. २०२३ मध्ये निकाल लागला, आणि पुन्हा खडा होण्यात खोट्या गोळीच्या तुलनेत ठळक फरक दिसला नाही. माझ्या एका सहकाऱ्यांनी ती सहा वर्षं घेतली होती. लिंबाचा रस रोज ठरल्या मापानं द्यायचाही प्रयोग इटलीत २०३ जणांवर झाला. फायद्याकडं थोडा कल दिसला, पण खात्रीनं सांगण्याएवढा नाही. दोन वर्षांत निम्म्याहून जास्त लोकांचं रस पिणंच मागं पडलं. मी लिंबू पिते, पण पाण्यासाठी पिते.

आणि दूध. खडा कॅल्शियमचा म्हटल्यावर घरात पहिलं बंद झालं ते दूध. मला याचं फार वाईट वाटलं होतं. मी गंगावेशीजवळ वाढले. रात्री जेवण झाल्यावर आबा, म्हणजे माझे वडील, आम्हा भावंडांना दूध कट्ट्यावर न्यायचे. म्हशी रांगेनं बांधलेल्या, गवळी तिथंच धार काढून पेला हातात द्यायचा. कोमट दूध, वर चार बोटं फेस. तो फेस ओठांच्या वर लागायचा आणि आबा स्वतःच्या खांद्यावरच्या टॉवेलनं पुसायचे. ते दूध माझं शत्रू झालं, हे मनाला पटतच नव्हतं.

पटत नव्हतं ते बरोबरच होतं. पार्माच्याच त्या डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा खडे होणाऱ्या आणि लघवीतून जास्त कॅल्शियम जाणाऱ्या १२० पुरुषांवर दुसरा प्रयोग केला. निम्म्यांना दूधदुभतं कमी करायला सांगितलं. उरलेल्यांचं दूधदुभतं नेहमीइतकं ठेवलं, मीठ आणि मांस मात्र कमी केलं. पाच वर्षांनी दूध तोडलेल्या ६० जणांत २३ जणांना पुन्हा खडा झाला, दूध पिणाऱ्या ६० जणांत १२ जणांना. कारण असं की जेवणातलं कॅल्शियम खाण्यातूनच येणाऱ्या ऑक्झलेट या क्षाराला आतड्यातच धरून बाहेर नेतं. दूध-दही बंद केलं की ते ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात जातं आणि किडनीत उतरतं. प्रयोग फक्त पुरुषांवर झाला होता हे खरं, पण आतड्यातली ही देवघेव बाईच्या पोटात वेगळी होत नाही, आणि डॉक्टरांनी मला दूध सुरू करायला सांगितलं. आमच्या नवरात्राच्या उपवासाकडं मी आता त्याच डोळ्यांनी बघते. रताळं, शेंगदाणे, राजगिरा, तिन्हींत ऑक्झलेट भरपूर. नऊ दिवसांत खडा होत नसतो, तो आधीपासून वाढत असतो. पण या पदार्थांच्या जोडीला वाटीभर दही हवं, आणि मी तर खड्याच्या भीतीनं नव्हे, वजनाच्या भीतीनं आधीच दही सोडलेलं होतं.

मीठ आणि मटण यांचं सांगणं कोल्हापुरात अवघड. बुधवार-रविवार आमच्याकडं तांबडा-पांढरा असतोच. मीठ जास्त झालं की किडनी त्याच्याबरोबर कॅल्शियमही बाहेर टाकते. मांस जास्त झालं की युरिक ॲसिड वाढतं आणि खड्याला अडवणारं सायट्रेट घटतं. आम्ही बुधवार सोडला, रविवार ठेवला. पापड-लोणच्याची बरणी जेवणाच्या टेबलावरून उचलून वरच्या फळीवर गेली. एवढंच.

माझ्या खड्याचं एवढं सगळं चाललेलं आबा बघत होते. मी त्यांच्यादेखत लघवी हा शब्द पहिल्यांदा स्पष्ट उच्चारला तेव्हा त्यांनी मान दुसरीकडं वळवली होती.

आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. उद्यमनगरात एका फौंड्रीत मोल्डर म्हणून आयुष्य गेलं. जानेवारीत त्यांना सर्दी झाली, मेडिकलमधून सर्दीची गोळी आणून घेतली. त्या रात्री दोन वाजता आईचा फोन. आबांना संध्याकाळपासून लघवी झाली नव्हती, ओटीपोट दगडासारखं टणक. दवाखान्यात नळी घातली तेव्हा ९०० मिलिलिटर निघाली. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत असलेली औषधं मूत्राशयाचं तोंड आवळतात किंवा त्याचा जोर घालवतात. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढलेल्या माणसाची लघवी त्यानं तुंबू शकते. आबांना हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण प्रोस्टेट वाढलंय हेच कुणाला माहीत नव्हतं.

"चार वर्षं झाली," नळी लागल्यावर त्यांनी छताकडं बघत सांगितलं. "रात्रीचं चार-पाचदा उठायला लागतंय. धार धरत नाही. कुणाला सांगायचं? तुला?"

मी त्यांच्या पायाशी बसले होते. याला मी काय बोलणार होते? थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "कॅन्सर न्हवं?"

प्रोस्टेटच्या कॅन्सरचा अंदाज देणारी पीएसए ही रक्ताची तपासणी डॉक्टरांनी तेव्हा मुद्दाम केली नाही. लघवी तुंबली किंवा नळी घातली की तो आकडा उगाच वाढलेला येतो, म्हणून सहा आठवडे थांबायला सांगितलं. नंतर तो त्यांच्या वयाला साजेसा आला. तोवरच्या सहा आठवड्यांत आबांनी जेवण निम्मं केलं होतं. मी त्यांना ब्रिटनमधल्या त्या १,६४३ पुरुषांबद्दल सांगितलं, ज्यांचा प्रोस्टेटचा कॅन्सर पसरण्याआधी सापडला होता. काहींवर शस्त्रक्रिया, काहींवर रेडिएशन, काहींवर फक्त नियमित लक्ष. पंधरा वर्षांनी, २०२३ मध्ये, हिशोब मांडला तेव्हा तिन्ही गटांत मिळून त्या कॅन्सरनं गेलेले १०० तले तीनसुद्धा नव्हते. आबांनी आकडा दोनदा विचारून घेतला.

त्यांची वाढ साधी होती. दोन औषधं सुरू झाली. एक मूत्राशयाचं तोंड सैल करणारं, त्याचा फरक काही दिवसांत जाणवतो. दुसरं ग्रंथी हळूहळू आकसवणारं, त्याला महिने लागतात. ही जोडी एकेका औषधापेक्षा चांगली, हे ३,०४७ पुरुषांवर साडेचार वर्षं चाललेल्या अमेरिकी अभ्यासात २००३ मध्ये दिसलं होतं. दुखणं बळावण्याचा धोका दोन तृतीयांशानं घटला. मी वीस वर्षांची जुनी बातमी आबांना आत्ता सांगत होते. ती चार वर्षांपूर्वी सांगता आली असती तर ती रात्र आलीच नसती, हे माझ्या मनातून जात नाही.

शाळेत परत गेले तेव्हा मी एक गोष्ट करायला लागले. सायंकाळी पाचला मुली दप्तरं भरताना त्यांच्या पाण्याच्या बाटल्या बघते. सकाळी आईनं भरून दिलेल्या, गुलाबी, निळ्या, गळ्यात पट्टा असलेल्या. पहिल्या दिवशी आठवीच्या वर्गात बघितल्या. बहुतेक बाटल्या काठोकाठ भरलेल्या. बाटल्या दाखवायला आहेत, प्यायला नाहीत. एका मुलीला विचारलं, पाणी का पीत नाहीस? तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू हे मला माहीत असायला हवं होतं. मला माहीत होतंच.

यातल्या कितीतरी मुलींना उन्हाळी लागते. लघवीला जळजळतं, पोटात दुखतं, त्या पोटदुखीचं कारण सांगून घरी राहतात. बल्गेरियात एक प्रयोग झाला होता. वर्षातून तीन-तीनदा जंतुसंसर्ग होणाऱ्या आणि मुळात पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रिया. निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला दिलं. वर्षभरात त्यांना संसर्ग झाला सरासरी १.७ वेळा, दुसऱ्या गटाला ३.२ वेळा. अँटिबायोटिकही जवळजवळ निम्म्यावर आलं. २०१८ मधला हा अभ्यास. त्याला पैसा बाटलीबंद पाणी विकणाऱ्या कंपनीचा होता, ते वाचणाऱ्याला ठाऊक असावं. मला तरी निकाल खरा वाटतो, कारण पाण्यानं जंतू धुऊन जातात हे कुठल्याही आजीला माहीत आहे. त्या स्त्रियांना पाणी दिलं, पण त्यांना जायला जागाही असणार, हे त्यात वेगळं लिहायची गरज कुणाला पडली नाही.

मी आमच्या पाचजणींची बैठक घेतली, मग मुख्याध्यापकांकडं गेलो. मी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि खाली न येणाऱ्या आवाजात म्हणाले, सर, लघवीला जाता येत नाही म्हणून आम्ही पाणी पीत नाही, आणि मुलीही पीत नाहीत. सर गप्प झाले. त्यांनाही तीन मुली आहेत. गावातल्या प्लंबरनं तुंबलेलं मोकळं केलं, छतावर पाचशे लिटरची टाकी चढली. त्याचे पैसे आम्ही शिक्षकांनीच काढले. दोन्ही दारांना कड्या मी स्वतः लक्ष्मीपुरीतून आणल्या, पितळी, साडेतीन इंची, आतून हाताला नीट लागणाऱ्या. शाळेच्या मावशी रोज सकाळी बादल्या भरून ठेवतात. मधल्या सुट्टीत आता तिथं रांग लागते. दोन दारं तेवढ्या मुलींना कमीच आहेत.

फेब्रुवारीच्या शेवटच्या सोमवारी मी पुन्हा कॅन केला. या वेळी पिशवीवर कोथिंबीर ठेवली नाही. शाळेत तीनदा गेले, पाण्याची बाटली दोनदा भरली. संध्याकाळच्या एसटीत लघवीची बाटली मांडीवर घेऊन बसले होते, जड लागत होती. मंगळवारी लॅबमधल्या मुलानं कॅन उजेडाकडं धरून आकडा वाचला. २,१०० मिलिलिटर. अडीचला अजून चारशे कमी आहेत.